मोहोराच्या माशा

व्यासरावांनी मला घर दाखवलं तेव्हा भाडं, पाणी, वीज यातलं काही आधी काढलं नाही. जिना चढून वर आल्यावर त्यांनी खोलीची खिडकी उघडली, स्वतः बाजूला सरकले आणि मला विचारलं, "वास येतो का?"

कसला, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, कसलाही. मी नाक वर करून दोनदा हुंगलं आणि सांगितलं की ताज्या चुन्याचा येतो आणि खालून कॉफीचा. त्यांनी मान हलवली. "बरं झालं. मला येत नाही मा. मणून विचारलों." भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं, तेही त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

बँकेने मला सांगलीहून उचलून अंबत्तूरच्या शाखेत आणून टाकलं होतं. तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, मागच्या कॉलनीत एक राव राहतात, ते तुमची भाषा बोलतात. भाषा आमचीच होती, पण फार पूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या लोकांची. 'असकं' म्हणजे सगळं, 'मणून' म्हणजे म्हणून, आणि वाक्य संपताना तमिळसारखा तो 'मा'. पहिले आठ दिवस मला हसू आवरायचं नाही. पुढे इतकी सवय झाली की सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, हे काय असकं असकं चालवलंयस. मी त्यांना मामा म्हणायला लागले, ते आपोआपच झालं.

मामा पेस्ट कंट्रोलच्या एका कंपनीत तीस वर्षं होते. पाठीवर टाकी घेऊन औषध मारण्यापासून सुरुवात केली आणि धूर मारणाऱ्या टोळीचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. गल्ली त्यांना 'मरुंदु राव' म्हणायची. मरुंदु म्हणजे औषध. त्या औषधानेच त्यांचं नाक गेलं. हातही कापायचे, कॉफीचा टंबलर खालच्या वाटीसकट ओठाला लावायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मामा घरी येऊन मला म्हणाले, वय असक्या अंगाला होतं, नाकाला एकट्यालाच आधी कसं झालं?

एरवी माणूस टापटिपीचा. पहाटे आंघोळ, संध्या, शर्टाची गळ्याची गुंडी घरातसुद्धा लावलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा रघु श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात. कंपनीच्या बसने जायचा, शिफ्ट संपवून यायचा आणि झोपायचा. बापलेक एकमेकांशी तमिळ बोलायचे आणि तेही कमीच. मामांना बोलायला मराठी लागायचं, ते त्यांनी माझ्यावर भागवून घेतलं.

घरामागे अंगण होतं. पडवळाचा मांडव, शेवगा, कढीलिंब आणि मधोमध आंब्याचं मोठं झाड. मी राहायला आले त्या वर्षी मला त्या अंगणात काही वावगं दिसलं नव्हतं. मामांनीच दाखवलं. एका रविवारी मला खाली बोलावलं, शेवग्याखाली उभं केलं आणि म्हणाले, ऐक. मी कान दिला. शेवगा पांढराशुभ्र फुललेला होता आणि त्याच्यात काहीच वाजत नव्हतं. पूर्वी याच्याखाली उभं राहिलं की डोक्यावर गुणगुण असायची म्हणे, आधी मधमाश्या गेल्या, मग तो काळा मोठा भुंगा गेला. पडवळाची मादीफुलं तशीच पिवळी पडून गळत होती. फुलं बोटांनी चोळून मामा कशीबशी चार पडवळं धरवायचे. थरथरत्या हातांनी ते काम होता होत नसे. पडवळाला माणसाचा हात चालतो, ते म्हणाले, पण आंब्याला कुठे हात लावू? एका तुऱ्यात हजार फुलं, मिरीपेक्षा लहान.

आंब्याला तीन वर्षं फळ नव्हतं. मोहोर मात्र दर वर्षी भरभरून यायचा, महिना-दीड महिना झाड नटून उभं राहायचं आणि मग सगळा मोहोर काळा पडून खाली. त्या झाडाचे आवळ्याएवढे कोवळे आंबे, तिकडे वडु म्हणतात, ते मिठाच्या पाण्यात घालून वर्षभर दहीभाताबरोबर खायची त्यांच्याकडची रीत. बरणी तीन वर्षं रिकामी पालथी घातलेली होती. मी एकदा बाजारातून वडु आणून दिले तर त्यांनी कौतुकाने घेतले आणि शेजारी देऊन टाकले.

आणि आता मुद्द्याचं सांगते. रघुने हप्त्यावर गाडी घ्यायचं ठरवलं होतं. गाडी ठेवायला जागा ती एकच, झाडाची. मुलगा वाईट नव्हता. त्याने बापाला सरळ विचारलं, न फळणारं झाड कशाला ठेवायचं? मामा म्हणाले, यंदाचा मोहोर बघू. फळ धरलं तर झाड राहील, नाही धरलं तर काप, मी एक शब्द बोलणार नाही. रघु हो म्हणाला. हे बोलणं माझ्यासमोर झालं, जिन्याच्या खालच्या पायरीवर, तोवर मला तेवढं तमिळ कळायला लागलं होतं. मामांनी पैज लावली होती आणि ती कशाच्या जोरावर, ते मला चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी मी बँकेतून आले तर फाटकाशी मीनकारी बसलेली, म्हणजे मासेवाली. आमच्या फाटकाशी! मामांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नसे. आणि मामा तिच्यापुढे उकिडवे बसून माशांची डोकी, आतडी आणि सुके बोंबलासारखे काहीतरी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून घेत होते, चिमट्याने. ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मामांनी पिशवी आंब्याच्या खालच्या फांदीला बांधली, दुसरी वरच्या फांदीला बांधली, मागच्या नळावर डोक्यावरून आंघोळ केली आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

आंब्याला मधमाशी फारशी लागत नाही, हे मला त्यांनी त्या संध्याकाळी समजावलं. आंब्याची कामकरीण म्हणजे माशी. हिरवी-निळी चकाकणारी, तिला ते मोरमाशी म्हणायचे. हवेत एका जागी लटकून राहणारी पट्ट्यापट्ट्यांची, ती लटकी. आणि साधी घरमाशी. घाणीवर येतात त्या मोहोरावरही जातात, पायांना पराग लावून या फुलावरून त्या फुलावर. घाण नाही तर माशी नाही, माशी नाही तर आंबा नाही. मी नाक मुरडलं. मला माशीचा लहानपणापासून संताप आहे, ताटाजवळ एक दिसली तरी माझं जेवण संपतं. मामा म्हणाले, "मी असकं आयुष्य माशा मारलों मा. आतां मला त्या बोलावायला पाहिजेत. येतील की नाही, कोण जाणे."

हे त्यांना कुठून कळलं, तर तीही एक गोष्ट होती. नोकरीत असताना एका बंगल्यात लग्न होतं आणि मालकाला मांडवात एक माशी नको होती. मामांच्या टोळीने आमराईत सलग तीन दिवस धूर मारला. झाडं मोहोरलेली होती. बंगल्याचा म्हातारा माळी मध्ये येऊन हात जोडत होता, त्याला मामांनी बाजूला केलं. त्या वर्षी त्या आमराईत आंबा धरला नाही. माळ्याने पुढच्या खेपेला त्यांना झाडाखाली नेऊन वरती बोट दाखवलं. मामांनी त्याला सांगितलं होतं, झाडाला उष्णता झाली असेल. हे सांगताना मामा माझ्याकडे बघत नव्हते.

झालं, मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी ऊन मोहोरावर आलं की मामा झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकायचे. शेजारी जमिनीवर त्यांची नोकरीतली लाकडी जाळी, हातभर लांब, पट्ट्यापट्ट्यांची. धंद्यात ही जाळी गिऱ्हाइकाला दाखवायला असते. घाणीवर ती ठेवायची, अर्ध्या मिनिटात किती माशा बसल्या ते मोजायचं, मग औषध मारायचं आणि पुन्हा मोजून दाखवायचं. आयुष्यभर त्यांना जाळीवर कमी माशा हव्या होत्या. आता पहिल्या दिवशी तीन बसल्या तर त्यांनी मला हाक मारून सांगितलं. आठवड्याने अकरा झाल्या. मग वीस.

आणि दर संध्याकाळी जिन्याखालून प्रश्न, वास येतो का? पिशवीतला मासा नेमका कितपत कुजलाय ते त्यांना कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे माझं नाक कामाला लागलं. मी खोटं कशाला बोलू, डोकं उठायचं. खिडक्या लावून, तोंडाला ओढणी बांधून मी वर स्वयंपाक करायची. तरी खाली येऊन इमाने सांगायची, मामा, आज भयंकर. ते खूश व्हायचे. मोहोरावर मोरमाश्या ऊन खात बसलेल्या दिसायच्या. एके सकाळी त्यांनी मला खुर्चीवर चढवून एक तुरा दाखवला. त्यात मोहरीएवढे हिरवे दाणे होते, पाच की सहा. हेच का, मी विचारलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

शेजारी अर्थातच गप्प बसणार नव्हते. वासाची तक्रार आधी फाटकावर आली, मग कॉलनीच्या कमिटीत गेली. त्याच सुमारास मागच्या गल्लीत दोन घरांत डेंग्यू निघाला. डेंग्यू डासांनी होतो, माशांनी नाही, पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार? कमिटीने धूर मारायचं ठरवलं आणि काम मामांच्याच जुन्या कंपनीला दिलं. मामा सेक्रेटरींच्या घरी गेले. हा सत्तरीचा माणूस, ज्याने स्वतः अर्ध्या शहरावर धूर मारला, तो त्या माणसापुढे हात जोडून म्हणाला, तीन आठवडे थांबा, नाहीतर निदान माझं घर सोडा. सेक्रेटरी भला माणूस. त्याने घर सोडायचं कबूल केलं.

तरी मामांचा जीव टांगणीला लागला. फाटकाशी गाडीचा आवाज झाला की उठून बघायचे. नेमकं त्याच आठवड्यात तंजावरला त्यांचा चुलतभाऊ वारला. तेराव्याला जाणं भाग होतं. रघु शिफ्टला, म्हणून जाताना त्यांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, घर सोडणार आहेत, तरी तूं अस घरांत. मी म्हटलं, मामा, मी आहे ना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोळी आली. पुढे सेल्वम, पन्नाशीचा, टक्कल पडलेला, त्याच्या पाठीवर यंत्र. मी फाटकाशी जाऊन माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, हे घर नाही, सेक्रेटरींनी सोडलंय. सेल्वमने पाटी वाचली आणि त्याचा चेहराच बदलला. व्यासराव सारचं घर? त्याने चपला काढल्या. तिकडे सरला सार म्हणतात. सारनेच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, त्याच्या लग्नात सार जेवायला बसले होते. सारचं घर सोडायचं म्हणजे काय, असं तो मला विचारत होता. आसपास सगळीकडे धूर मारला की डास पळून याच घरात येणार आणि सारना चावणार. त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

मी म्हटलं, पण माशा... आंब्यावर माशा आहेत, त्यांना काही व्हायला नको.

सेल्वम हसला. म्हणाला, अम्मा, हे डासांचं औषध आहे, दुसऱ्या कशाला काही होत नाही, वासही दोन तासांत जातो.

आता खरं सांगते. मला ते पटलं नव्हतं, मला ते पटवून घ्यायचं होतं. महिनाभर मी त्या घाणीत जेवत होते. एक संध्याकाळ तरी धुराने वास जाईल, दोन माशा कमी होतील, मामांना कळणारही नाही, असं माझ्या मनात आलं, आणि आलं ते मी आजही नाकारत नाही. मी किल्ली लावून फाटक उघडलं. वर सेल्वमला कॉफीसुद्धा केली. त्याने सारचं घर म्हणून एक फेरी जास्त मारली. झाडाभोवती फिरून, खालून वर, एकेका फांदीत. मशीन बंद झाल्यावर त्याने बुंध्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि पैसे न घेता गेला. पांढरा धूर बराच वेळ पानांत अडकून राहिला होता.

मामा धूर मारल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवी पायरीवर ठेवून थेट मागे गेले. मी वरून खिडकीतून बघत होते, खाली जायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी जाळी माशाच्या पिशवीखाली धरली. हातातलं घड्याळ बघितलं. पुन्हा धरली. मग खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. जमिनीवर काय होतं ते मला माहीत होतं, आदल्या दिवशी मी झाडूने गोळा केलं होतं, सगळं निघालं नव्हतं.

मी खाली गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "वास येतो का?"

रॉकेलसारखा तो वास अजून भिंतींना होता. मी म्हटलं, नाही.

"खरं सांग मा. मला येत नाही, तुला येतो."

मी म्हटलं, येतो. आणि मग सगळं सांगून टाकलं, सेल्वम, त्याच्या चपला, कॉफी, जास्तीची फेरी. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की सेल्वम फाटकाशी काय बोलला. मी सुरुवात केली, डासांचं औषध आहे... पुढचं वाक्य त्यांनीच पुरं केलं, तमिळमध्ये, शब्द न शब्द, वासही दोन तासांत जातो इथपर्यंत. त्याच चालीत, त्याच जागी थांबून.

"मीच शिकवलों हे असक्या पोरांना," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दार उघडत नसलं की हे बोलायचं. बोललं की उघडतात."

मला रडू कोसळलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, जा, बँकेला उशीर होतोय.

मोहोर आठवड्यात काळा पडला. मोहरीएवढे दाणे धरले होते तेही सुरकुतून गळले. मामा नवे मासे बांधत राहिले, जाळी धरत राहिले, दोन, एक, कधी काहीच नाही. रघु कबूल केल्यापेक्षा पंधरा दिवस जास्त थांबला. मग माणसं आली. झाड कापायला अर्धा दिवस पुरला. मामांनी शब्द पाळला, एक अक्षर बोलले नाहीत, आत बसून पालथी बरणी पुसून माळ्यावर ठेवली. मी मात्र ते घर सोडलं. बदली अण्णा नगरला झाली हे निमित्त, एरवी तिथून बसने जाणं येणं काही अवघड नव्हतं. मला त्या जिन्याच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता.

वर्षाने एकदा गेले. आंब्याच्याच दिवसांत, सकाळी, मुद्दाम. कॉलनी स्वच्छ झाली होती. धुराचं काम आता महिन्याच्या महिन्याला असतं, असं फाटकाशीच कोणीतरी अभिमानाने सांगितलं. मागे झाडाच्या जागी पत्र्याची शेड आणि तिच्यात रघुची पांढरी गाडी. शेडच्या कडेला कुठल्याशा कोयीतून आलेलं गुडघ्याएवढं आंब्याचं रोप एका डब्यात लावलेलं. त्याला मोहोर यायला आणखी कितीतरी वर्षं होती. शेजारी खुर्चीवर मामा, गळ्याची गुंडी लावलेली, हात पूर्वीपेक्षा जास्त कापत होते.

शेडच्या लोखंडी बारला कांद्याची जाळीची पिशवी टांगलेली होती. तिच्याखाली ती लाकडी जाळी.

त्यांनी मला ओळखलं. बसायला सांगितलं नाही, तब्येत विचारली नाही. पिशवीकडे हात करून म्हणाले, "पांच दिवस झाले. वास येतो का?"

येत होता. फाटकापासूनच येत होता. मासा काळा पडून पाणी सोडत होता आणि ते पाणी जाळीच्या पट्ट्यांवर टपकत होतं. पुढे निघेपर्यंत मी तिथे अर्धा तास उभी होते. त्या अर्ध्या तासात त्याच्यावर एकही माशी येऊन बसली नाही.

मी म्हटलं, येतो, मामा.

त्यांनी मान हलवली आणि मनगट वर करून घड्याळ बघायला सुरुवात केली.